उचलायचं कुणी?

"युटेराइन प्रोलॅप्स. थर्ड डिग्री," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि मला पहिला प्रश्न विचारला, "घरात अंथरुणाला कोण खिळलंय?"

मी पडल्या पडल्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. यांना कसं कळलं? मी तर लघवी अडकली म्हणून आले होते. सकाळपासून पोट फुगून टम्म झालेलं आणि एक थेंब उतरायला तयार नाही. सरकारी दवाखान्यातली ओपीडी, बाहेर बाकड्यांवर बाया दाटीवाटीनं बसलेल्या, आणि मी आत पडद्यामागं. नळी घातली, तिला कॅथेटर म्हणतात, तेव्हा कुठं जीव जाग्यावर आला.

"नवरा," मी म्हणाले. "अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली."

"वजन किती?"

"पंच्याहत्तर तरी असंल."

"आणि त्यांना उचलतं कोण?"

"मीच. पण एक माणूस ठेवलाय ना."

"मग तो माणूस काय करतो?"

खरं उत्तर होतं, चहा पितो. ते काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. प्रोलॅप्स म्हणजे आपल्यात ज्याला अंग बाहेर येणं म्हणतात ते. गर्भपिशवीला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि ती खाली घसरते. थर्ड डिग्री म्हणजे बाहेरच आलेली. येताना ती लघवीच्या पिशवीलाही सोबत ओढते, म्हणून लघवी अडते. बाळंतपणं झालेली असतात, पाळी गेलेली असते, स्नायू आधीच कमजोर. त्यावर रोज सहा-सात वेळा पंच्याहत्तर किलो उचलायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून."

तेव्हा होळी होऊन गेली होती. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी तोंडाची फटकळ आहे. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत कुणाला विचारा. कचऱ्याच्या गाडीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणाला सोडलं नाही. आणि तीच मी पाच महिने मांडीत जुन्या लुगड्याचा बोळा धरून हिंडत होते आणि कुणाला एक शब्द बोलले नाही. कुणाला सांगू? पोराला फोनवर सांगू? नणंदेला सांगू? ज्यांना सांगायचं ते पलंगावर पडलेले, तोंडातून शब्द न निघणारे. म्हणून हे लिहितेय. घरात आजारी माणूस उचलणाऱ्या प्रत्येक बाईनं हे वाचावं, आणि तिच्या घरातल्या गड्यांनी आधी वाचावं.

आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. उंचापुरा माणूस. मी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, गुलमंडीच्या एका दुकानाचं काम होतं माझ्याकडं. हे सुट्टीच्या दिवशी गठ्ठा स्कूटरवर बांधून मला घेऊन जायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दाढी करताना हातातून रेझर पडला. वाकून उचलायला गेले ते तसेच खाली बसले, आणि मला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता आवाज निघाला.

इस्केमिक स्ट्रोक, असं कागदावर लिहून दिलं. म्हणजे मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नसेत गाठ अडकली. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं गेलं त्याला अफेझिया म्हणतात. त्यात माणसाला सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. यांचे चार-पाच शब्द तेवढे राहिले. व्हय, नाय, पाणी, आणि एक शिवी. ती मात्र खणखणीत.

अकरा दिवसांनी घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "आता औषध एकच. फिजिओथेरपी. पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे काय यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं."

ते 'सहा महिने' माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. रोज एक फिजिओ सर घरी यायला लागले. पेन्शन म्हणाल तर नावाला. वरच्या खोलीचं भाडं आणि पुण्याहून अमोल, आमचा मुलगा, पाठवायचा ते. त्याला नुकतंच बाळ झालेलं, घराचा हप्ता चालू. सरांचे पैसे दिले की बाकीचं जेमतेम भागायचं. माझं फॉल-पिकोचं काम सुटलं, मशीनवर औषधांचे डबे येऊन बसले.

सर चाळीस मिनिटं यायचे. बाकीचा दिवस माझा. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, संडासातून परत. काखेत हात घालायचा, दात खायचे आणि ओढायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी यांना अंघोळ घालून उचलताना खाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. नुसतं जड, ओघळल्यासारखं. माझी रांगोळी काढायची राहिली होती, ती काढायला बसले तर बसवेना.

संक्रांतीच्या सुमारास मी यांना घेऊन मोरीत पडले. हे माझ्या अंगावर. शेजारच्यांनी येऊन सोडवलं. तेव्हा अमोलनंच फोनवर हट्ट धरला, आई माणूस ठेव, सकाळचे चार तास तरी ठेव. आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या एका ऑफिसातून संतोष नावाचा माणूस आला. तिशी ओलांडलेला, धडधाकट, हसतमुख. मला वाटलं, सुटले.

आणि मी घोळ घातला. पहिल्याच दिवशी चहाचा कप हातात देताना सवयीनं विचारलं, "कोणत्या गावचे?"

तो म्हणाला, "सिल्लोडच्या पुढचा." मग आडनाव. मग कोणाचे कोण. दहा मिनिटांत सोयरीक निघाली. सिल्लोडला आमची नणंद दिलेली, अक्का म्हणतो आम्ही तिला. संतोष तिच्या चुलतदिराचा मुलगा. म्हणजे अक्का त्याची काकू, हे त्याचे मामा आणि मी मामी.

झालं! माणूस ठेवला होता, भाचा निघाला. आता आमच्याकडं भाच्याच्या आपण पाया पडतो. अधिक महिना आला की त्याला जेवायला बोलावून हातावर वाण ठेवतो. त्याला मामाचं गू-मूत काढायला लावायचं? माझा हातच होईना. तो उठायचा, "मामी, सरका, मी करतो," म्हणायचा, आणि मी म्हणायची, "राहू दे रे बाबा, तू बस." हेही त्याला बघून डाव्या हातानं खुर्ची दाखवायचे. बस, बस.

तो बसायचा. मी त्याला चहा करायची, अकरा वाजता गरम पोळी-भाजी वाढायची. भाच्याला शिळं कसं घालणार? ऑफिसला महिन्याचे महिन्याला पैसे द्यायची आणि यांना स्वतःच उचलायची. अडीच महिने. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझ्या अक्कलेला काय झालं होतं देव जाणे. तोवर बोळ्यानं भागेनासं झालं होतं. चालताना मांड्यांत घासायचं, जखम झाली होती.

तर ओपीडीतल्या बाई मला विचारत होत्या, तो माणूस काय करतो, आणि मी काय उत्तर देणार होते?

त्यांनी तात्पुरती रिंग बसवली. तिला पेसरी म्हणतात, रबरी कडं असतं, ते आतून आधार देतं. ऑपरेशनसाठी महिन्यानंतरची तारीख दिली. मग हात धरून म्हणाल्या, "ऑपरेशन मी चांगलं करीन. पण त्यानंतर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा नाही. आणि नवऱ्याला तर कधीच नाही. उचललंत तर टाके सुटतील, आणि दुसऱ्यांदा शिवायला जागा नसते. घरी व्यवस्था करा, नाहीतर मी ऑपरेशन करणार नाही."

व्यवस्था करा. सोपं असतं म्हणायला. बाहेर येऊन मी बाकड्यावर बसले आणि डोक्यातल्या डोक्यात घर उलटंपालटं केलं. चार तासांच्या माणसानं आता भागणार नव्हतं, सकाळी आठ ते रात्री आठ पाहिजे होता. तेवढा माणूस ठेवायचा तर फिजिओ सर बंद. सर ठेवायचे तर उचलायचं कुणी? दोन्ही जमत नव्हतं. अमोल म्हणाला असता, दोन्ही ठेव, मी बघतो. त्यानं कुठून बघायचं हे मला ठाऊक होतं.

आणि यांचा पाय आत्ता कुठं टेकायला लागला होता हो! खिडकीचा गज धरून, सरांच्या आधारानं, दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहत होते. सात महिने होत आले होते. उभे राहिले की माझ्याकडं बघायचे, बघितलंस का, असं.

मी सरांनाच विचारलं. त्यांच्या पोटावर पाय देणारा प्रश्न होता, पण मी फटकळ ना. "सर, खरं सांगा. यांचा पाय येईल का?"

सर बॅग भरत होते. थांबले. "काकू, माहीत नाही. आला तर मी माझ्यामुळं आला म्हणेन. नाही आला तर सहा महिने उलटले होते म्हणेन. पण दुसरं एक सांगतो. मी चाळीस मिनिटं येतो. बाकी दिवसभर तुम्ही त्यांना काखेत हात घालून ओढता. त्यानं उजवा खांदा सांध्यातून उतरत चाललाय. मी मिळवतो त्यातलं निम्मं तिथं जातं."

मग मी त्यांना माझं सांगितलं. परक्या पुरुषाला, पोराच्या वयाच्या. ते खाली बघत ऐकत होते. म्हणाले, "मग विचार कशाला करता? माझा शेवटचा आठवडा मी काकांना नाही, येईल त्या माणसाला शिकवतो. नीट उचलणारा माणूस दिवसातून सहा वेळा उभा करील, तर तोही व्यायामच आहे. माझ्याइतका नाही. पण आहे."

यांना सांगायचं राहिलं. मी दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात यांच्याशी असलं काही बोलले नव्हते. यांचे डोळे भरले. डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, कळलं माणसाला. मग मी म्हणाले, "म्हणून सरांना बंद करावं लागेल."

हात काढून घेतला. "नाय."

"अहो, दुसरा इलाज नाही."

"नाय. नाय." आणि डाव्या मुठीनं उजवी मांडी बडवायला लागले. मेलेली मांडी. मग ती शिवी.

मला राग आला. लई राग आला. माझं आतडं बाहेर पडायची वेळ आली आणि या माणसाला आपल्या पायाचं पडलंय! मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. रडता रडता हेही कळत होतं की माणसाला चालायचंय, यात त्याचं काय चुकलं? मला तरी दुसरं काय पाहिजे होतं? माझं अंग जाग्यावर राहावं एवढंच ना? दोघांचंही खरं होतं. आणि निर्णय मला एकटीलाच घ्यायचा होता, कारण दोघांत चालता-बोलता जीव मीच होते.

मी सरांना बंद केलं. यांनी भिंतीकडं तोंड केलं ते आठ दिवस माझ्याकडं बघितलं नाही. घास भरवला की खायचे, पण बघायचे नाहीत.

संतोषला नको म्हणून सांगताना माझी मान खाली गेली. तो एवढंच म्हणाला, "मामी, मी कामालाच आलो होतो. तुम्हीच करू दिलं नाय." खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अक्का हजर. दारातच सुरू झाली, "घरच्या लेकराला हाकललं, डॉक्टर बंद केला! माझ्या भावाचे पाय इकून गडी ठेवती व्हय गं तू? म्या तीस वरीस खुरपलं, मपलंबी अंग भायेर यायचं. कापड बांधायचं अन् कामाला लागायचं."

मी म्हणाले, "अक्का, तुम्हालाबी?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "कुनाला नसतंय?" पण माफ केलं नाही. जेवली नाही माझ्या हातचं. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

ऑफिसातून दुसरा माणूस आला, काशिनाथ. पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. चहा देताना माझ्या जिभेवर प्रश्न आलाच होता, कोणत्या गावचे. मी जीभ चावली. तुम्हालाही सांगते, मदतीचा माणूस ठेवाल तर पहिला महिना गाव विचारू नका. काम अंगवळणी पडू द्या, मग काय सोयरीक काढायची ती काढा. (पुढं त्यानंच सांगितलं, त्याच्या बापाची मेंढरं होती, वर्षातले आठ महिने रानात.) पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "बाई, चा दोन टायमाला द्या. मी ह्यांचं करतानी खोलीत येऊ नका. तुम्ही आल्या की ते भिंतीकडं वळत्यात, अन् मला हात लावू देत न्हाईत."

बोलल्याप्रमाणं सरांनी येऊन त्याला आठवडाभर शिकवलं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, काखेत हात नाही. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडं. आपण गुडघ्यात वाकायचं, त्यांना पलंगाच्या काठावर आणायचं आणि त्यांचं वजन त्यांच्याच पायांवर येऊ द्यायचं. याला ट्रान्सफर म्हणतात. बघताना वाटतं, काय मोठंसं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी शिकवलं असतं तर निम्मी तरी वाचले असते.

माझं ऑपरेशन झालं. पिशवी काढली, स्नायू शिवले. पाच दिवस दवाखान्यात होते, तोवर अमोल येऊन राहिला, जेवणाचा डबा लावला. घरी आले तेव्हा त्याच खोलीत समोरासमोर दोन पलंग. एकावर हे, एकावर मी. अमोल गेल्यावर रात्रीचं डायपरवर निभावलं, सकाळी आठला काशिनाथ येईपर्यंत कुणी कुणाला हात लावायचा नाही.

यांचा पाय आला नाही. काशिनाथ दिवसातून पाच-सहा वेळा उभं करतो, खांदा दुखायचा थांबला, पाठीला जखम नाही. पण खिडकीशी दहा आकडे मोजत होते ते पाचावर आले आणि तिथंच राहिले. सर चालू ठेवले असते तर? मला माहीत नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच येतो आणि रोज मला माहीत नसतं. तेव्हा कुणाला पैसे द्यावे हे मी तुम्हाला छातीठोक सांगणार नाही. एवढंच सांगते, जे काम करायची वेळ आली की पोटात गोळा येतो, पैसे पहिले त्या कामाला घाला. चार लोक म्हणतील त्या कामाला नाही.

ऑपरेशनला दीड महिना झाला होता. दुपारी काशिनाथ मेडिकलवर गेलेला. मी डोळे मिटून पडले होते आणि धप्प आवाज आला. हे पलंगावरून खाली. एकटेच उठायला गेले होते. उजवा पाय अंगाखाली दुमडलेला. मी धावले. काही आठवलं नाही, डॉक्टरीणबाई नाहीत, टाके नाहीत. वाकले आणि सवयीनं काखेत हात घातला.

यांनी माझा हात झटकला. मी परत घातला, परत झटकला. मी म्हणाले, "अहो, असं किती वेळ पडणार?" तर माझं मनगट धरलं. डाव्या हातात ताकद आहे यांच्या. धरलं आणि खाली ओढलं, बस म्हणून. मी फरशीवर बसले. दुमडलेला पाय तेवढा हळूच सरळ केला. हे घामाघूम, तोंडातून लाळ, दुखत होतं ते दिसत होतं, पण मनगट सोडेनात. माझ्याकडं बघत होते. एवढ्या महिन्यांत मी यांच्याजवळ हातात काम नसताना कधी बसले नव्हते. मी पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. आम्ही दोघं भिंतीला टेकून काशिनाथची वाट बघत राहिलो, वीस मिनिटं तरी.

तो दारात आला आणि पिशवी टाकून धावला. "आता गं! बाई, दोघंबी पडले का?"

"नाही," मी म्हणाले. "हे पडलेत. मी बसलेय. त्यांना उचला."